सुट्टीतला माहेरचा वाटा

चीनमध्ये राहतो म्हटलं की गावाकडं लोक तिथलं खाणं, तिथल्या गाड्या, नाहीतर भाषा कशी जमते ते विचारतात. त्यावर कधीतरी सवडीनं लिहीन. आज लिहायचंय ते आमच्या गावी येण्याबद्दल. वर्षाकाठी तीन-साडेतीन आठवड्यांची सुट्टी मिळते. ती कुणाच्या घरी खर्च होते, हा माझा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: ती निम्मी सासरी आणि निम्मी माहेरी गेली पाहिजे. माझ्या ओळखीतल्या, परदेशात राहणाऱ्या मराठवाड्यातल्या एकाही घरात तसं होत नाही. आमच्याही घरात आजवर झालेलं नाही.

माझं सासर जालन्याचं, माहेर सेलूचं. रेल्वेचा रूळ एकच. तपोवन एक्स्प्रेस सकाळी मुंबईहून निघते. जालन्यानंतर परतूर आणि मग सेलू, तास-दीड तासाचा काय तो फरक. पण बॅगा जालन्याला उतरतात आणि तिथंच राहतात. मग सत्यनारायण, मग कुलदैवताला तुळजापूर, मग चुलत सासरे, मावससासू, नवीन घर बांधलेले भाचेजावई. एखाद्याकडं जायचं राहिलं तर "आमच्याकडं चहालासुद्धा आले नाहीत" हे वर्षभर ऐकावं लागतं. या सगळ्यातून उरलेल्या दिवसांत कुणीतरी मोठ्या मनानं म्हणतं, "जा, सेलूला जाऊन ये." जाऊन ये! राहून ये असं कुणी म्हणत नाही. मी पोचते, लेकरं अंगणात रुळायला लागतात तोवर परतीची गाडी आलेली असते. आई दारात उभी राहून दरवेळी तेच विचारते, "आत्ता तर आलीस माय, लगेच कामून निघालीस?"

यात कुणी दुष्ट नाही. म्हणूनच हे वर्षानुवर्षं चालत आलंय.

सुझोऊला आम्ही गेलो ते ह्यांच्या नोकरीमुळं. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या सुट्या भागांचं काम केलेला माणूस, त्याला तिथल्या कारखान्यात जागा मिळाली. शांघायपासून वेगवान रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आत-बाहेर असलेलं ते शहर; १९९४ मध्ये सिंगापूरच्या मदतीनं उभी राहिलेली मोठी औद्योगिक वसाहत तिथं आहे. पोचल्यावर चोवीस तासांच्या आत पोलिसांकडं नाव-पत्ता नोंदवायचा, मग वैद्यकीय तपासणी, मग रहिवासी परवाना, मग फोनवरून पैसे देण्यासाठी बँकेचं खातं. हे सगळं कंपनीच्या माणसांनी उरकून दिलं. घर मात्र मला लावायचं होतं, आणि ते घर सेलूहून लागलं.

चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. ह्यांना आणि लेकरांना सकाळी साडेसातला वाटेला लावलं की सेलूला पाच वाजलेले असायचे. आई तेव्हा उठून चूल पेटवत असते, ही तिची सवय जन्माची. तो माझा तिच्याशी बोलायचा वेळ. बाजारात पहिल्याच वसंतात मला मेथीसारखी तीन-तीन पानांची कोवळी भाजी दिसली. हावरटासारखी दोन जुड्या घेऊन आले आणि तिला फोनवर दाखवली. तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "अगं ही मेथी कुठली, हा तर लसूणघासासारखा दिसतोय. ढोरांना घालतो तो." खरंच तिकडचे लोक लसूणघासाच्याच जातीची ती भाजी तेलात परतून आवडीनं खातात. मग तिनंच सांगितलं, लसूण-मिरचीवर परत, वरून डाळीचं पीठ पेर. आजही आमच्याकडं मार्च-एप्रिलमध्ये ती अशीच होते. ज्वारीचं पीठ ऑनलाइन मिळतं, पण ते आपल्या मालदांडीचं नव्हे; भाकरी थापताना कडा चिरायच्या. उकळत्या पाण्यात पीठ कसं मळून घ्यायचं, झाकून किती वेळ ठेवायचं, हे तिनं रोज सकाळी माझ्या परातीकडं बघत शिकवलं. धाकट्याला ताप आला आणि दवाखान्यात मला एक अक्षर कळेना, तेव्हा रात्रभर फोन सुरू ठेवून जागणारी तीच. परदेशात संसार मांडणाऱ्या बहुतेक बायकांच्या पाठीशी अशी एक आई असते. आणि भेटीच्या वेळी तिचाच नंबर शेवटी लागतो.

२०२० नंतरची वर्षं तर विचारू नका. थेट विमानं बंद झाली. २८ मार्च २०२० पासून रहिवासी परवाना असलेल्या परदेशी माणसांनाही चीननं दार लावलं. आत असलेल्यांना निघता यायचं, पण परत शिरता येईल याची खात्री नाही. जून महिन्यात गलवान खोऱ्यात भारत-चीनच्या सैनिकांची चकमक झाली आणि महिनाअखेरीस भारतानं जी ५९ ॲप बंद केली त्यात चीनमध्ये सगळे वापरतात ते वीचॅटही होतं. व्हॉट्सॲप चीनमध्ये आधीपासूनच बंद. म्हणजे तिकडचं इकडं चालेना आणि इकडचं तिकडं. भारतातलं सिम रोमिंगवर ठेवून मिनिटं मोजत बोलायचो. विलगीकरणाची अट ८ जानेवारी २०२३ ला उठली तेव्हा कुठं यायचा मार्ग मोकळा झाला.

एवढ्या खंडानंतर आलो आणि सुट्टी पुन्हा तशीच वाटली गेली. त्याच खेपेला पावसानं गाडी चुकली म्हणून सेलूला एक रात्र जास्तीची मिळाली. त्या रात्री मला कळलं की माझ्या वडिलांना, अप्पांना, डाव्या कानानं ऐकू येत नाही. फोनवर ते कधी नीट बोलायचे नाहीत. हाक मारली की "बरंय, बरंय" म्हणून फोन आईकडं द्यायचे. मला वाटायचं, थकलेत. जेवताना मी डाव्या बाजूला बसले होते आणि भाजी वाढू का असं विचारत होते. ते समोर बघत शांतपणे घास घेत होते. आई म्हणाली, "तिकडून नाही ऐकू येत त्यांना, इकडं ये." हे व्हिडिओ कॉलवर दिसत नाही. साखरेची गोळी पुरवायची म्हणून अर्धी मोडून घेतात, हेही दिसत नाही. चहाला टेकलेल्या पाहुण्याला तर नाहीच नाही. त्यासाठी घरात राहावं लागतं, सकाळी त्यांच्यासोबत उठावं लागतं, औषधाचा डबा स्वतःच्या हातानं उघडावा लागतो. मला चार मुक्काम जास्त मिळाले असते तर मशीन त्याच वर्षी कानाला लागलं असतं. ते लागलं पुढच्या वर्षी.

आमच्या मजल्यावर एक जोडपं राहतं. दोघंही एकुलते एक. तिथल्या एकाच अपत्याच्या धोरणाच्या काळात, १९८० च्या दशकात जन्मलेले. नवरा आन्हुई प्रांतातला, बायको सुझोऊजवळचीच. चिनी नववर्षाच्या आसपास चाळीस दिवस अख्खा देश गावाकडं निघालेला असतो, आणि सणाच्या आदल्या रात्रीचं जेवण कुणाच्या आईवडिलांकडं, यावरून तिथंही घराघरांत भांडणं होतात. जुनी रीत अशी की ती रात्र नवऱ्याच्या घरी आणि नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकीनं नवऱ्यासह माहेरी जायचं. पण या दोघांनी लग्नाआधीच ठरवलं: एका वर्षी आन्हुई, एका वर्षी तिच्याकडं. त्या पट्ट्यात तर आता काही घरं असं लग्न लावतात की मुलगी दिली नाही आणि मुलगा नेला नाही. दोन्ही घरी खोली ठेवायची, दोन मुलं झाली तर एकाला आईचं आडनाव. चीनमध्ये सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. लग्न झालेली लेक म्हणजे सांडलेलं पाणी, अशी म्हण तिकडंही आहे, आणि मुलगाच हवा या हट्टापायी तिथंही मुली कमी झाल्या. पण ज्या घरात एकच लेक आहे तिथं तिच्या आईबापांनी सणाला कुणाची वाट बघायची, हा प्रश्न त्यांना टाळता आला नाही. आपण भाऊ आहे ना, वहिनी आहे ना, असं म्हणून टाळतो.

माझा भाऊ आहे, वहिनी आहे आणि ती दोघं आईअप्पांचं मनापासून करतात. म्हणून माझं येणं ऐच्छिक होतं का? २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुलाइतकीच मुलीवर आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशानं २००५ मध्ये. तरी आमच्याकडं बहिणींनी हक्कसोड करून द्यायची आणि साडी घेऊन परतायचं ही रीत अजून गेलेली नाही. सुट्टीच्या दिवसांचंही तेच चाललंय. कागद कुणी पुढं करत नाही, आम्हीच दरवर्षी सही करून मोकळ्या होतो. आणि मग तीच माणसं म्हणतात, लेक काय, परक्याचं धन, म्हातारपणी कामाला येत नाही. येऊ दिलं तर येईल ना! शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. लेक म्हातारपणी उपयोगाची नाही, हा समज त्या आकड्याच्या मुळाशी आहेच.

माझ्या सासूबाईंशी मी याबद्दल बोलले. त्या मायाळू आहेत, माझ्या लेकरांवर जीव टाकतात. त्यांनाही नातवंडं वर्षातून एकदाच दिसतात, त्यामुळं त्यांच्या ओढीला मी नावं ठेवणार नाही. त्यांची अडचण वेगळीच निघाली. "पोरगा परदेशातून आला अन् आधी सासरवाडीला जाऊन बसला, असं लोक म्हणतील." अडतंय ते इथं. जावयानं सासरवाडीला एक जेवण करून, टोपी-टॉवेल घेऊन उठावं. मुक्काम केला की त्याची किंमत कमी होते. यंदा १७ मेपासून धोंड्याचा महिना आहे. आईनं आतापासून विचारलंय, जावईबापू येतील का, चांदीचं ताट करायचंय. जावयाला धोंडे जेवू घालायला आमच्या माणसांना कर्ज काढायलाही चालतं. तोच जावई आठ दिवस सासऱ्यासोबत शेतात फिरला, त्यांना दवाखान्यात घेऊन गेला तर त्यांना चांदीच्या ताटापेक्षा जास्त मिळेल. ह्यांना हे पटलंय. पटायला वेळ लागला, आमची त्यावरून बोलाचालीही झाली, पण पटलंय.

कंपनी दरवर्षी जे तिकीट देते ते नवऱ्याच्या मूळ गावाच्या नावानं, हेही मी सांगून ठेवते. तेवढ्यावरून सुट्टी त्याच्या घरची होत नाही. त्या नोकरीसाठी माझी परभणीतली नोकरी मी सोडली आहे.

सासूबाईंनीच बोलता बोलता त्यांच्या काळातलं सांगितलं. मंठ्याजवळ त्यांचं माहेर. पंचमी आली की भाऊ मुराळी म्हणून यायचा, आणि मुराळी दारात आला की सासू कितीही कडक असली तरी नाही म्हणता यायचं नाही. मग वारुळाला जाणं, झोके, रात्री फेर धरून गाणी, दिंडं. शेतकऱ्याच्या घरच्या बाईलासुद्धा हक्काचे दिवस होते. आमच्याकडं शिक्षण आलं, पगार आले, विमानं आली आणि ते दिवस मात्र कमी झाले. भावांनो, व्हॉट्सॲपवर "ताई कधी येणार" असं लिहू नका. बहिणीच्या सासरी फोन करा आणि तिच्या सासऱ्यांना सांगा की अमुक तारखेला न्यायला येतोय, दोन आठवड्यांसाठी. तुमच्या शब्दाला तिथं जे वजन आहे ते आमच्या शब्दाला नाही. हे बरं नाही, पण आज आहे ते असं आहे.

आमचं यंदाचं ठरलंय. तिकडं शाळांना जुलै-ऑगस्ट सुट्टी, १ सप्टेंबरला शाळा उघडतात. पंचमी आहे १७ ऑगस्टला. मी लेकरांना घेऊन आधी निघणार, तपोवनचं आरक्षण थेट सेलूपर्यंत काढणार आणि बॅगा सेलूला उतरवणार. हे पंचमीच्या आधी तिथं येतील आणि राहतील. अप्पांच्या कानाची तपासणी, डोळ्यांचं रखडलेलं ऑपरेशन त्याच दिवसांत करून घ्यायचं, परभणीच्या डॉक्टरांची वेळ भावानं घेऊन ठेवली आहे. पंचमी झाली की सगळे जालन्याला. २८ ऑगस्टची राखीपौर्णिमा तिथं, म्हणजे माझ्या नणंदबाईंनाही भाऊ घरी सापडेल. चुलत सासरे आणि मावससासू यांना मी आत्ताच फोन करून सांगितलंय की यंदा घरोघर येणं होणार नाही, राखीच्या दिवशी सगळ्यांनी आमच्याकडं जेवायला या. मावससासूबाई थोड्या रुसल्या आहेत. त्यांना पुन्हा फोन करणार आहे.