टी पेशी मरतात, म्हणजे प्रतिकारशक्ती खचते?

‘ताप उतरल्यावर शरीर स्वतःच्याच पांढऱ्या पेशी मारतं, म्हणून लगेच काढा सुरू करा’ असा मेसेज फिरतोय. पहिलं अर्धं खरं, निष्कर्ष चुकीचा. संसर्गाशी लढायला वाढलेल्या टी पेशींपैकी (या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) साधारण ९० टक्के काम संपल्यावर मरतात. बहुतेक जगण्याचे संदेश आटल्यामुळे. पुन्हा पुन्हा चेतवलेल्या पेशींचं प्रकरण निराळं. शेजारच्या टी पेशीवरचं फास लिगँड नावाचं प्रथिन त्यांच्या पृष्ठभागावरच्या ‘फास’ प्रथिनाला चिकटतं, आत कॅस्पेज-८ हे विकर (एन्झाइम) जागं होतं आणि पेशी स्वतःलाच शिस्तीत मोडून टाकते. तोच जंतू पुन्हा आला तर ओळखणाऱ्या थोड्या स्मृतिपेशी मात्र राहतात. आणि हे मरण थांबलं तर? फास जनुकात बिघाड असलेल्या मुलांच्या लसिकाग्रंथी, प्लीहा वाढतात, प्रतिकारयंत्रणा त्यांच्याच रक्तपेशींवर उलटते. या आजाराचं हे कारण १९९५ मध्ये सापडलं. काढा आवडत असेल तर खुशाल प्या. या पेशींसाठी नको.