आजची हॉट हॅच क्लासिक होईल, आणि कोकणातही टिकेल

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला सहा-सात जणांनी पाठवला. वर जुन्या गाड्यांचे फोटो आणि खाली मुद्दे. थोडक्यात म्हणणं असं: फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, प्यूजो २०५ जीटीआय या जुन्या हॉट हॅचबॅक, म्हणजे जोरदार इंजिन बसवलेल्या छोट्या गाड्या, क्लासिक झाल्या, कारण त्या हलक्या, साध्या आणि पूर्ण मेकॅनिकल होत्या. आजच्या हॉट हॅच म्हणजे चाकांवरचे कॉम्प्युटर. त्या कुणाला दुरुस्त करता येणार नाहीत, चालवायला मजा नाही, ढिगाने बनतात, किंमत कोसळते आणि पंधरा वर्षं भरली की भंगारात जातात. शेवटी आपल्याकडच्या कुणीतरी भर घातली आहे, "कोकणात तर खारा वाराच त्यांना खाऊन टाकील."

मी देवगड तालुक्यात राहतो. बाबांनी २००२ साली घेतलेली फियाट पॅलिओ १.६ अजून आमच्या मांगरात, म्हणजे गाडी-सामान ठेवायच्या शेडमध्ये, आहे आणि चालते. म्हणून हे मुद्दे सोडून देता येत नाहीत.

आधी इलेक्ट्रॉनिक्सचं बोलू, कारण तोच मुद्दा सगळ्यांना बिनतोड वाटतो. प्यूजो २०५ जीटीआय १९८४ ची. तिच्यात कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा यांत्रिक भाग, नव्हता. बॉशचं एल-जेट्रॉनिक हे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन होतं, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते एक कंट्रोल युनिट ठरवायचं. ज्या गाडीचा फोटो 'मेकॅनिकल'चा नमुना म्हणून फिरतोय, तिच्यातच कॉम्प्युटरचा पूर्वज बसलेला आहे. १९७६ च्या पहिल्या गोल्फ जीटीआयमधलं के-जेट्रॉनिक यांत्रिक होतं खरं, पण कार्ब्युरेटरवर हात बसलेल्या मेस्त्रीला तेही परकंच. आज ते उघडून, साफ करून, पुन्हा बांधून देणारे कारागीर आहेत. गाडी जपायची असं लोकांनी ठरवल्यावर ते तयार झाले.

हेच इथे मी डोळ्यांनी पाहिलंय. पॅलिओ नवी होती तेव्हा आमच्या मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, तारांचा जुडगा बघितला आणि म्हणाले, "हेका मी हात लावचंय नाय." आज त्यांचा मुलगा स्कॅनर लावतो, कोड वाचतो, सेन्सरचा व्होल्टेज तपासतो आणि नेमकी कुठली वायर तुटलीय ते सांगतो. कार्ब्युरेटर ट्यून करायला त्याला येत नाही. साधं कशाला म्हणायचं, ते पिढीगणिक बदलतं.

एवढं मात्र मान्य करतो की अगदी नव्या गाड्यांत अडचण खरी आहे. २०२५ मध्ये भारतात सुमारे ५३ लाखांना आलेली गोल्फ जीटीआय घ्या. तिची बहुतेक बटणं पडद्यात गेली आहेत, आणि काही कंट्रोल युनिट कंपनीच्या सर्व्हरची परवानगी मिळाल्याशिवाय बदल करू देत नाहीत. तीस वर्षांनी तो सर्व्हर चालू असेल का, हा प्रश्न मलाही छळतो. पण त्यावरून २०१५ ची फियाटची अबार्थ पुंटो किंवा २०१६ ची फोक्सवॅगन पोलो जीटीआय यांनाही त्याच पोत्यात भरणं चूक आहे.

'मजा नाही' हा मुद्दा तर आकड्यांपुढेही टिकत नाही. पहिल्या गोल्फ जीटीआयचं वजन साधारण ८१० किलो, ताकद ११० हॉर्सपॉवर, आणि शून्यावरून शंभरला ती नऊएक सेकंद घ्यायची. पुण्याजवळ रांजणगावला बनलेली अबार्थ पुंटो १४५ हॉर्सपॉवरची, आणि शंभरला कंपनीच्या दाव्याप्रमाणे ८.८ सेकंद. किंमत दहा लाखांच्या आत होती. गिअर हाताने टाकायचे आणि स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, त्यामुळे रस्ता हातात कळतो. करूळ घाटात चढणीच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये टर्बो भरून येतो, तेव्हा ड्रायव्हरला काही करायला उरलेलं नाही असं कोण म्हणेल? वजन वाढलं, हे खरं. त्या वाढीत एअरबॅग आहेत आणि धडकेत माणूस वाचवणारं लोखंड आहे. मला त्याची तक्रार नाही.

आणखी एक सांगतो, कारण ते फार कमी जणांच्या लक्षात येतं. १९७४ ची पहिली गोल्फ ज्या इटालियन डिझायनर जॉर्जेत्तो ज्युजारोंनी आखली, त्यांच्याच स्टुडिओशी २००५ च्या फियाट ग्रांदे पुंटोचं नातं आहे, आणि आपली अबार्थ पुंटो तिच्यापासूनच आली. जुन्या आणि नव्यात एवढी मोठी दरी असल्याचं भासवलं जातं, तिथे एकच हात दिसतो.

'ढिगाने बनतात' यावर थोडक्यात. फोक्सवॅगनला पहिली जीटीआय ५,००० विकली जाईल असं वाटलं होतं, बनली ४ लाख ६० हजारांच्या वर. एवढ्या बनूनही ती क्लासिक झाली, कारण बहुतेक जणांनी ती रगडली, ठोकली, गंजवली आणि विकून टाकली. जपलेल्या थोड्याच उरल्या. आता आपल्याकडे बघा. तीन दरवाज्यांची पोलो जीटीआय भारतात आली तेव्हा वाट्याला गाड्या जाहीर झाल्या ९९. टाटांनी कोइंबतूरच्या जयेमबरोबर केलेली टिआगो जेटीपी २०१८ ला आली आणि २०२० मध्ये बंद झाली. मारुतीची बलेनो आरएस २०१७ ते २०२०. यांतली कुठली ढिगाने बनली?

किमतीचा मुद्दा खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खोटा. पोलो जीटीआय २५.६५ लाखांना आली आणि पुढच्याच वर्षी १९.९९ लाखांवर आणावी लागली. जुन्या जीटीआयही मधल्या काळात अशाच स्वस्त सेकंडहँड गाड्या होत्या. प्रत्येक क्लासिक गाडीच्या आयुष्यात ही पडकी वर्षं येतात. पैसे दुप्पट करायला म्हणून गाडी ठेवणाऱ्याला मी ठेवू नको असंच सांगेन.

पंधरा वर्षांचं मात्र नीट समजून घ्या, कारण या भीतीपोटी चांगल्या गाड्या भंगारवाल्याकडे जातायत. दहा वर्षांनी डिझेल आणि पंधरा वर्षांनी पेट्रोल गाडी बाद, ही सक्ती आली ती दिल्ली परिसरापुरती. महाराष्ट्रात खासगी गाडीला पंधरा वर्षांनी आरटीओत नेऊन तपासणी करून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायची. आमच्या पॅलिओचं हे झालेलं आहे. खर्च वाढलाय: २०२२ पासून नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० झाली. 'व्हीए' मालिकेची विंटेज नोंदणी २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षं झालेल्या गाडीलाच मिळते. म्हणजे पंधरा ते पन्नास ही पस्तीस वर्षं मालकाने स्वतःच्या खिशातून काढायची. माझं भांडण असलंच तर या मधल्या काळाशी आहे. तीस वर्षांच्या जपलेल्या गाडीसाठी वेगळी सोय हवी.

आता खारा वारा. इथे तो मजकूर सरळ उलटा आहे. सत्तरच्या दशकातल्या युरोपीय गाड्यांचा पत्रा गंजासाठी बदनाम होता. इटलीच्या लान्सिया बीटाचं ब्रिटनमधलं नाव गंजानेच बुडवलं. १९९७ च्या चौथ्या गोल्फला मात्र पूर्ण बॉडीला जस्ताचा मुलामा होता आणि पत्रा गंजून भोक पडणार नाही याची बारा वर्षांची हमी होती. किनाऱ्यावर ठेवायला मला विचाराल, तर मी जस्त चढवलेली नवी गाडीच निवडेन.

अर्थात जस्तावर हवाला ठेवून चालत नाही. आपल्याकडे गाडी वरून खराब दिसायच्या आधी आतून जाते. दाराखालच्या सिलमध्ये, म्हणजे पोकळ पट्टीत, पाणी निघायला भोकं असतात. जांभ्याची लाल माती आणि मीठ मिळून ती बुजतात, आणि पाणी आतच राहतं. काचेखालच्या खाचेत आंब्याची पानं कुजतात. नव्या गाडीत याशिवाय कनेक्टर जपायचे: पितळी पिनांवर हिरवट थर चढला की सेन्सर खोटं बोलायला लागतो, आणि लोक हजारोंचं युनिट बदलतात. पिना साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी अडवणारं, वीज न वाहणारं) लावलं की बहुतेकदा भागतं. रेतीवरून आलात तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर अजिबात घालू नका, आत वाफ कोंडते. वारा खेळता असलेला मांगर त्याहून कितीतरी बरा. गाडी उभी राहणार असेल तर टाकीही लक्षात ठेवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल दमट हवेतलं पाणी ओढतं, आणि त्याचा त्रास जुन्या रबरी नळ्यांना आणि कार्ब्युरेटरला जास्त होतो.

मजकुरात एक गोष्ट कुठेच नाही, आणि मला तीच मुख्य वाटते. गोल्फ जीटीआय क्लासिक झाली ती युरोपात, ज्यांनी ती पोरवयात रस्त्यावर पाहिली त्यांनी केली. पहिली जीटीआय किंवा २०५ आपल्याकडे विकलीच गेली नाही. आपली आठवण पॅलिओ १.६ ची आहे, तीन दरवाज्यांच्या झेन कार्बन आणि स्टीलची आहे, गणपतीला रात्रभर चालवत गावी आणलेल्या पोलो टीएसआयची आहे. मागच्या सीटवर झोपेतून उठून कशेडीची वळणं मोजणारी मुलं आता कमावती झाली आहेत.

त्यांतलाच एक, कणकवलीचा, गेल्या मे महिन्यात आमच्याकडे आला. सेकंडहँड अबार्थ पुंटो घेतली होती त्याने, आणि समुद्राजवळ चोवीस वर्षं राहिलेली पॅलिओ खालून कशी दिसते ते त्याला बघायचं होतं. वयाने तो आमच्या पॅलिओएवढाच. दोन्ही गाड्या जॅकवर घेतल्या, सिलची भोकं तारेने मोकळी केली, आत गंज रोखायला मेण मारलं. संध्याकाळ झाली तेव्हा पुढच्या वर्षीची तारीख ठरवूनच तो निघाला.