जंगल आहे म्हणून डोंगर खाली येत नाही?

करूळ किंवा भुईबावडा घाटात दरड आली की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर ठरलेला मेसेज फिरायला लागतो: ‘दरडी ही रस्ते-खाणींची देणगी. जंगल शाबूत असलं की डोंगर हलत नाही. चक्रीवादळं किनाऱ्याची, आत येईपर्यंत त्यांचा दम संपतो. आणि पूर्वी असलं काही झाल्याचा पुरावा कुठाय?’

आधी वादळाचं बघू. ‘कॅमिल’ १७ ऑगस्ट १९६९ च्या रात्री अमेरिकेत मिसिसिपीच्या किनाऱ्यावर आदळलं. वारा पडला, बाष्प उरलं. १९ तारखेच्या रात्री हजारावर किलोमीटर आत, व्हर्जिनियाच्या नेल्सन काउंटीत, आठेक तासांत सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस कोसळला. दम संपला होता तो वाऱ्याचा.

डोंगर तिथले झाडीनं भरलेलेच होते. तरी शेकडो उतार सुटले, राडारोड्याचे लोंढे घळींतून वस्त्यांवर आले, शंभरावर माणसं गेली. मुळं माती धरून ठेवतात, मान्य. पण माती आणि कातळाच्या सांध्यात पाणी दाटलं की मुळांसकट अख्खा थर सुटतो. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा चक्रीवादळ नाही, मान्सूनचा पाऊसच करतो. २०१४ चं माळीण आठवा.

पुराव्याचं म्हणाल, तर तो घळीच्या तोंडाशीच पडलेला असतो, बघायची तसदी घ्यावी लागते. ओढ्यानं कापलेली उभी कड बघा. पाण्यानं आणलेले गोटे गोल, आकारानुसार थराथरांत बसलेले असतात. लोंढ्याच्या गाळात थरच नाहीत: कोपरे शाबूत असलेले धोंडे, बारकी खडी, चिखल, सगळं एकत्र गोठलेलं. धोंडे एकमेकांना टेकलेलेही नसतात, चिखलात अडकलेले असतात. कधी तर सगळ्यात मोठे वरच्या बाजूला. (कड्यावरून नुसते गळून पडलेले दगड वेगळे, त्यांच्यात हा चिखल नसतो. घाईनं निष्कर्ष नको.) गाळात लाकूड-कोळसा सापडला तर रेडिओकार्बननं वय काढता येतं. नेल्सन काउंटीत १९६९ च्या गाळाखाली तसेच जुने लोंढे निघाले, हजारो वर्षांपूर्वीचे. तेव्हा तिथं कुठला जेसीबी होता?

रस्त्यांचा मुद्दा मात्र खरा. उताराचा पायथा तासला की आधार जातो, मोऱ्या तुंबल्या की पाणी नको तिथं मुरतं. त्यावर जरूर भांडा. फक्त घळीच्या तोंडावरच्या वाडीला ‘वर जंगल आहे, निवांत झोपा’ असं सांगू नका.