फलकावर ‘सर्वसमावेशक’, ऑफिसात ‘सीट फुल’

बदली होऊन नाशिकला या, ‘सर्वसमावेशक’ म्हणवणाऱ्या शाळेत, सहावीत ऑटिझम (स्वमग्नता) किंवा एडीएचडी (लक्ष टिकत नाही, अतिचंचलता) असलेलं मूल घालायचंय म्हणा, आणि गंमत बघा. गंगापूर रोड असो की पाथर्डी फाटा, मुलाची फाईल उघडली की शाळेचा सूर बदलतो. ‘आधी इंटरॅक्शन करू’, म्हणजे मुलाला पारखू. अहो, आठवीपर्यंत चाळणी लावून प्रवेश द्यायला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम १३ नं बंदी आहे, पहिल्याच वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड! (अल्पसंख्याक शाळांना मात्र हा कायदा लागू नाही.) हे सुनावलं, की मग अचानक ‘सीट फुल’.

स्पेशल एज्युकेटर, म्हणजे अशा मुलांना शिकवणारे खास शिक्षक? ‘आहेत ना!’ आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारा, पूर्णवेळ आहेत का विचारा, सहावी ते आठवीला मिळतात का विचारा. बहुधा प्रायमरीपुरत्याच. खरी पंचाईत तर सहावीपासूनच: तासागणिक नवे शिक्षक, फळ्यावरून वहीत उतरवायची घाई, बदललेलं वेळापत्रक सकाळी कळणार. सेन्सरी रूमला (गोंगाटानं बिथरलेल्या मुलानं शांत व्हायच्या खोलीला) कुलूप, आत गॅदरिंगचे कपडे नि मोडके बाक. शॅडो टीचर (वर्गात मुलाशेजारी बसणारा मदतनीस) चालेल, पण पगार पालकांचा आणि फी पूर्ण. मधल्या सुट्टीत नि बसमध्ये लक्ष कोण ठेवणार? चिडीचूप. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक हे लेखी द्या म्हटलं की ‘बघू, आधी अ‍ॅडमिशन तर घ्या.’ आणि नकार? तो फक्त तोंडीच.