‘पाच सेकंद दाबा, सगळं जुळतं’ म्हणे!

चवथीसाठी गावचं घर उघडायची वेळ आली की ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरू लागतो. मजकूर साधारण असा: ‘टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार आणि फायर स्टिक यांचे चार रिमोट कशाला सांभाळता? दीडशे रुपयांचा युनिव्हर्सल रिमोट घ्या, टीव्हीसमोर धरून पॉवरचं बटण ५ सेकंद दाबा, सगळं आपोआप जुळतं. एका कंपनीचा कोड एकच असतो. नाही चाललं तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, दिवा दिसला तर रिमोट चांगला, टीव्हीच बिघडलाय. जुने रिमोट टाकून द्या.’ म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून रिमोट आणायला हरकत नाही. पण हे वाचून आणलात तर तो शोकेसची शोभा होणार.

‘आपोआप जुळतं’ इथपासूनच घोळ आहे. इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशानं इशारा देणारा रिमोट फक्त बोलतो, त्याला ऐकू येत नाही. आपला इशारा टीव्हीला पोचला की नाही, हे त्याला कधीच कळत नसतं. ते बटण दाबून धरल्यावर रिमोट आपल्या चिपमधल्या यादीतला एकेका सेटचा पॉवर कोड ओळीनं सोडत जातो, एवढंच. योग्य कोडवर टीव्ही बंद होतो आणि त्याच क्षणी थांबवायचं काम आपलं. म्हणून टीव्ही चालू ठेवा, दीड-दोन मीटरवर समोर बसा, सेट आणि टीव्ही ही बटणं (काही मॉडेलांत नुसतं पॉवर) रिमोटवरचा दिवा स्थिर होईपर्यंत दाबा आणि शोध सुरू करा. पडदा काळा झाला की लगेच रिमोटसोबतच्या चिठ्ठीत सांगितलेलं बटण दाबून कोड पक्का करा. बोट रेंगाळलं तर यादी एक-दोन कोड पुढे गेलेली असते आणि चुकीचा कोड जपला जातो. याला ५ सेकंद नव्हे, दहा मिनिटंही लागू शकतात.

पडदा काळा झाला म्हणजे काम फत्ते, असंही नाही. अनेक याद्यांत पॉवर आणि आवाजाचे कोड जुळतात, पण सोर्स, मेनू, बाण आणि बॅक भलतेच निघतात. ही सहाही बटणं दाबून पाहा. एकही चुकलं तर तिथंच न थांबता शोध पुढे चालू ठेवा. सगळी जुळली आणि तुमच्या मॉडेलात कोडचा आकडा कळत असेल, तर तो सेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवा. काही स्वस्त रिमोट सेल काढले की सगळं विसरतात.

‘एका कंपनीचा एकच कोड’ हे निम्मं खरं. मोठ्या कंपन्यांनी टीव्हीचे कोड बऱ्याच अंशी वर्षानुवर्षं तेच ठेवलेत. पण त्याच कंपनीच्या साउंडबारचा कोड मुद्दाम वेगळा असतो. तो एकच असता तर साउंडबार बंद करताना टीव्हीही बंद झाला असता. स्वस्त टीव्हींत तर वर नाव एकाचं आणि आत बोर्ड दुसऱ्याचा असू शकतो. रिमोटला नावाशी देणंघेणं नाही, बोर्डाशी आहे.

फायर स्टिकचं एका वाक्यात सांगता येतं: स्टिकला इन्फ्रारेड डोळाच नाही, त्यामुळे दीडशेचा असो वा पंधराशेचा, नुसता इन्फ्रारेड रिमोट तिच्याशी बोलू शकत नाही. तिचा रिमोट रेडिओ लहरींवर चालतो. तो तुटला असेल तर नवा घेऊन होमचं बटण १० सेकंद धरून जोडायचा. पण उलट्या बाजूनं वाट आहे, आणि ती फुकट आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी (एचडीएमआय जोडणीतूनच एका यंत्राचे हुकूम दुसऱ्याला पोचवणारी सोय) चालू करा. सॅमसंगवर ते एनीनेट प्लस, एलजीवर सिमप्लिंक आणि सोनीवर ब्राव्हिया सिंक या नावानं सापडेल. मग टीव्हीच्या रिमोटचे बाण आणि ओके स्टिकवर चालतात. साउंडबार टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय खाचेत असेल तर आवाजही त्याच रिमोटवर येतो. बऱ्याच घरांत इथंच प्रश्न मिटतो, युनिव्हर्सल लागतच नाही.

कुठला रिमोट कशावर चालतो हे ओळखायला तो शेजारच्या खोलीत नेऊन दाबा. भिंतीपलीकडून चालला तर रेडिओ.

कॅमेऱ्याची युक्ती खरी, निष्कर्ष खोटा. दिवा दिसला म्हणजे सेल आणि एलईडी ठीक. आतला कोड बरोबर की चूक, हे लुकलुकण्यावरून कळणार नाही. शिवाय अनेक फोनांच्या मागच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, तेव्हा पुढच्या कॅमेऱ्यानं पाहा. एखादंच बटण दाबल्यावर दिवा दिसत नसेल तर दोष त्या बटणाखालच्या काळ्या कार्बन-रबराचा. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे जास्त होतं, आणि रिमोटवर हौसेनं चढवलेलं प्लास्टिकचं कव्हर दमटपणा आत कोंडून त्यात भर घालतं.

आणि ‘जुने रिमोट टाकून द्या’. सगळ्यांत महाग पडणारा सल्ला. यादीत कोड नसेल तेव्हा उपाय उरतो तो लर्निंग रिमोटचा, म्हणजे दुसऱ्या रिमोटचे इशारे शिकून घेणाऱ्याचा, आणि त्याला शिकवायला मूळ रिमोटच लागतो. अनेक सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवर टीव्हीसाठीची चार-पाच शिकाऊ बटणं असतात. ती वापरली तर बाजारातही जावं लागत नाही.

शिकवायची रीत अशी. दोन्ही रिमोटांत नवे सेल घाला. टेबलावर ते तोंडाला तोंड लावून ठेवा, मध्ये ३-४ सेंटिमीटर अंतर, दोन्ही एलईडी एका उंचीवर. एक रिमोट जाड असेल तर दुसऱ्याखाली वही सरकवा. बाल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) उन्हात हे करू नका. सीएफएलखालीही नको, कारण त्याचा प्रकाश सेकंदाला हजारो वेळा लुकलुकतो आणि ती गती रिमोटच्या ३६ ते ४० किलोहर्ट्झच्या आसपास येऊ शकते. शिकवण मोड लावा, नव्याचं रिकामं बटण दाबा, मग जुन्याचं हवं ते बटण टिचकीसारखं दाबून सोडा. दाबून धरलंत तर पुनरावृत्तीचे इशारेही नोंदले जातात आणि मग आवाज एकदम चार पायऱ्या उडी मारतो. दिवा दोन-तीनदा लुकलुकला की पुढचं बटण. शेवटी सेव्ह करायला विसरू नका, निम्मे लोक इथं चुकतात.

एक खोड मात्र शिकवून जात नाही. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत प्रत्येक नव्या दाबणीला एक बिट उलटतो, म्हणजे टीव्हीला ‘धरून ठेवलंय’ आणि ‘परत दाबलंय’ यांतला फरक कळतो. साधा लर्निंग रिमोट एकच ठसा पुनःपुन्हा पाठवतो. मग ११ नंबरचं चॅनल लावताना दुसरा १ टीव्ही गिळून टाकतो. अशा वेळी मध्ये दुसरं एखादं बटण दाबा किंवा बटण यादीतल्या कोडवर ठेवा.

एका बटणात सगळं चालू करणारा क्रम बसवणार असाल तर वीज जाण्याचा विचार आधी करा. बहुतेक पॉवर कोड ‘चालू’ किंवा ‘बंद’ असं सांगत नाहीत, ‘उलट कर’ म्हणतात. जूनमध्ये लाइट जाऊन आली, बॉक्स आपोआप चालू झाला, टीव्ही स्टँडबायला राहिला, की तुमचं एक बटण टीव्ही चालू करतं आणि बॉक्स बंद. चालू-बंदचे वेगळे कोड मिळत असतील तर तेच घाला, नाहीतर बॉक्स क्रमातून वगळा. टीव्ही चालू झाल्यावर लगेच सोर्सचा कोड गेला तर तो वाया जातो, म्हणून मध्ये ८-१० सेकंदांचा विराम ठेवा.

मूळ रिमोट ठेवताना सेल मात्र काढाच. खाऱ्या हवेत गळलेल्या सेलनं स्प्रिंगवर हिरवी पुटं चढतात, मग पुढच्या चवथीला शिकवायला रिमोट असतो, पण करंट नसतो. पुटं दिसलीच तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग स्पिरिटनं, आणि पूर्ण वाळल्यावरच सेल घाला. ठेवायला झाकणाचा डबा घ्या आणि नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या दोन पुड्या आत टाका.