घरोघरी डिस्कवैद्य

हार्ड डिस्क बंद पडली की घरात वैद्यांचा तुटवडा कधीच पडत नाही. भाऊजी म्हणतात, ‘एक टपली मार, चालू होईल.’ वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात, ‘फॉरमॅट मार, नव्यासारखी होते.’ होतेही, नव्या डिस्कमध्येही काहीच नसतं. आणि कुठला तरी मावसभाऊ फोनवरून हमखास फ्रीझरचा तोडगा सांगतो. पिशवीत गुंडाळायची आणि रात्रभर मटारांच्या शेजारी ठेवायची.

या फ्रीझरवर माझा विशेष राग आहे. फार जुन्या डिस्कना तो कधीमधी लागू पडला, त्यावर त्याचं नाव अजून चाललंय. पण बहुतेक डिस्क हवाबंद नसतात. झाकणावर एक बारीक छिद्र असतं, आत गाळणी असते आणि शेजारी ‘हे झाकू नका’ असं चक्क छापलेलं असतं. थंडगार डिस्क बाहेर काढली की आतल्या तबकड्यांवर बाष्प धरतं. मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेणाऱ्या त्या तबकडीवरून हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून जातं. आपला एक केस साधारण 70-80 हजार नॅनोमीटर जाड असतो. पाण्याच्या थेंबाचा हिशेब ज्याचा त्याने करावा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर झाकण उघडून ‘आत जरा बघू या’ म्हणणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू.

पहिलं काम ऐकण्याचं. लयीत टक्, टक्, टक् आणि मग शांतता, म्हणजे हेड गेलंय किंवा त्याला आपली जागा सापडत नाहीये. बारीक गुणगुणून गप्प, म्हणजे हेड तबकडीला चिकटलंय किंवा मोटर जाम झालीय. दोन्हींत घरी करण्यासारखं एकच, वीज काढायची. डेटा खरंच हवा असेल तर धूळमुक्त खोली असलेल्या रिकव्हरीवाल्याकडे जावं, आणि खर्चाचा आकडा बसून ऐकावा. ‘परत एकदा लावून बघू’ हे वाक्य घरात बंद करा. खराब हेड दर वेळी तबकडीवरचा लेप खरवडू शकतं, आणि तुमचा सगळा डेटा त्या लेपातच असतो.

अजिबात आवाज नाही, हा त्यातल्या त्यात आशेचा आजार. अडीच इंची डिस्कला 5 व्होल्ट पुरतात, साडेतीन इंचीला 12 सुद्धा लागतात. अडीच इंची असेल तर कॅबिनेटच्या पुढचा यूएसबी पोर्ट सोडून मागचा घ्या, केबल बदला. साडेतीन इंची असेल तर अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे सगळे काळे अडॅप्टर एकाच ड्रॉवरमध्ये गुण्यागोविंदाने नांदतात, आणि लॅपटॉपच्या 19 व्होल्टची पिन डिस्कच्या 12 व्होल्टच्या भोकात आरामात बसू शकते. पिनेला व्होल्ट कळत नाहीत.

बसलीच, तर दोन शक्यता. जळलं असेल ते बाहेरच्या डब्यातलं छोटं सर्किट. म्हणून आधी डिस्क डब्यातून काढून डेस्कटॉपच्या साटा केबलला (आतल्या डिस्कची असते ती) लावून बघायची. दुसरी शक्यता, डिस्कच्या बोर्डावरचा टीव्हीएस डायोड. जास्त व्होल्ट आले की हा गडी स्वतः शॉर्ट होऊन मरतो आणि बाकीचा बोर्ड वाचवतो. अशी डिस्क जोडली तर कधी कधी अख्खा कॉम्प्युटरच चालू व्हायला नकार देतो, आणि घरात दुसरी रडारड सुरू होते.

बोर्डाचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे, टॉर्क्स टी-6 किंवा टी-8. वीज येते त्या सॉकेटजवळ सहसा दोन काळे डायोड दिसतात, एक 12 चा, एक 5 चा. वीज काढलेली असताना मल्टिमीटर बीपवर (जोड आहे की नाही ते सांगणाऱ्या खुणेवर) ठेवून डायोडच्या दोन टोकांना प्रोब, म्हणजे त्याच्या सुया, लावा, मग प्रोब उलटे करा. दोन्हीकडून बीप आला तर तो शॉर्ट. सोल्डरिंग आयर्नने काढा किंवा कटरने जपून तोडा. त्याच्या जागी काही न लावताही डिस्क फिरते. फक्त आता अंगरक्षक नाही, म्हणून अडॅप्टर बरोबर हवा आणि पहिलं काम डेटा उतरवण्याचं.

डायोड ठीक आणि बोर्ड मेलेला, तर लोक मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, तसाच बोर्ड शोधायला निघतात. मॉडेल जुळून भागत नाही. बोर्डावर छापलेला नंबर जुळायला हवा. शिवाय बहुतेक डिस्कवर आठ पायांची एक चिप असते, तिच्यात त्याच डिस्कची खासगी मापं असतात. ती जुन्या बोर्डावरून नव्यावर गेली नाही, तर दुसऱ्याचा चष्मा घातल्यासारखं होतं, डिस्क फिरते पण वाचत नाही.

डिस्क दिसते, पण एक फोल्डर उघडायला चहा होऊन जातो? क्रिस्टलडिस्कइन्फो लावा, हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम. 05, सी5, सी6 या ओळींतले आकडे वाढत असतील तर सेक्टर, म्हणजे तबकडीवरचे डेटाचे कप्पे, मरतायत. फक्त सी7 च्या ओळीतला वाढत असेल तर बहुधा केबल बदलून भागतं. ते आकडे हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशेबात, दिसतात. 64 दिसलं तर ते 100 असतात. विंडोज मधेच लाडात विचारतं, ‘फॉरमॅट करू? दुरुस्त करू?’ दोन्हींना नाही म्हणा. दुरुस्ती करणारं त्याचं चेकडिस्क मरत्या डिस्कवरच लिहीत सुटतं.

मग लिनक्सचा पेन ड्राइव्ह (विंडोजऐवजी त्यावरूनच कॉम्प्युटर चालू करायचा) आणि त्यातलं डीडीरेस्क्यू, म्हणजे आजारी डिस्कची दुसऱ्या डिस्कवर कॉपी करणारा प्रोग्राम. आधी सोपा भाग उतरवायचा, मग अडलेल्या जागी तीन फेऱ्या मारायच्या. मॅपफाइल (कुठवर उतरलं त्याची नोंदवही) दिली तर मधे वीज गेली तरी काम तिथूनच पुढे चालतं. कमांडमध्ये आजारी डिस्क आधी, निरोगी नंतर. उलट झालं तर कोरी डिस्क तुमच्या डेटावर उतरते. सेकंदाला 100 एमबी मिळाले तर 1 टीबीला पावणेतीन तास लागतात. पण आजारी डिस्क तेवढी कुठली चालायला! टेबलफॅन तिच्याकडे वळवा आणि भाऊजींना बाहेर पाठवा.

फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे ती यादी, शाबूत राहिली तर फोल्डर जसेच्या तसे मिळतात. नाही तर त्या कॉपीवर फोटोरेक हा हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम चालवायचा. तो फोटो काढून देतो, नावं देत नाही. मुंजीचा अल्बम ‘एफ’ आणि सात आकडी नंबर लावून, पाचशे-पाचशेच्या फोल्डरांमधून, ब्राउझरने साठवलेल्या जाहिरातींच्या चित्रांत मिसळून बाहेर येतो. आणि मावसभाऊ फोनवर विचारतो, ‘सापडले का रे माझे फोटो? कितवा नंबर?’