लेडीबग नाही, ती डांबराची गोळी विषारी आहे

एका आठवड्यात तीनदा तोच मेसेज आला मला, आधी फॅमिली ग्रुपवर, मग शेजारच्या बायकांच्या ग्रुपवर, मग लेकीच्या वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर. थोडक्यात असा आहे: घरात लाल-केशरी रंगाचे काळ्या ठिपक्यांचे लेडीबग दिसले तर सावधान, ते विषारी असतात, चावले की अंगावर फोड येतात, एक दिसला म्हणजे भिंतीत शेकडो लपलेत, घरातच अंडी घालतात आणि कपडे, लाकूड खातात, कुत्र्याच्या टाळूला चिकटतात (मेसेजखाली तसा फोटोही). आणि उपाय म्हणे "केमिकलशिवाय घरगुती": कोपऱ्याकोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवा, ब्लीचमध्ये विनेगर घालून फवारा, दारं-खिडक्यांशी पांढऱ्या पावडरीची रेघ मारा, आणि कुंडीतल्या झाडांवर असतील तर तेही चिरडून टाका.

मी गोव्यात फोंड्याला राहते, माहेर सत्तरीतलं. भात कापून झालं की वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामात, अळसांदे (चवळी) घालायचे, आणि अळसांद्याच्या कोवळ्या शेंड्यावर काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आला की त्याच्या मागोमाग हे किडे यायचेच, आजी आम्हाला त्यांना हात लावू द्यायची पण मारू द्यायची नाही. म्हणून हा मेसेज वाचून गप्प बसवेना. एकेक मुद्दा घेते.

सगळ्यात आधी फोड. कारण हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच घातक आहे. लेडीबगला विषारी दंश वगैरे काही नसतो. काही जाती क्वचित त्वचेला बारीकसा चिमटा काढतात, तेवढंच. त्याला दाबलं किंवा घाबरवलं तर तो पायांच्या सांध्यातून पिवळा, कडवट वासाचा थेंब सोडतो, तो थेंब म्हणजे त्याचं रक्तच, पक्ष्यांनी तोंडात धरू नये म्हणून. पांढऱ्या भिंतीवर किंवा पडद्यावर डाग पडतो, कोणाकोणाच्या त्वचेला थोडी खाज येते, साबणाने धुतलं की झालं. मग फोड येतात ते कशाने? पावसात आणि भात तयार व्हायच्या दिवसांत ट्यूबलाइटवर येणारा दुसराच एक किडा आहे, पीडरस नावाचा, बरेच लोक त्याला ॲसिड फ्लाय म्हणतात. तोही केशरी-काळा, आणि घोळ होतो तो इथेच. पण नीट बघा: लेडीबग गोल, अर्ध्या वाटाण्यासारखा फुगीर. पीडरस लांबट, मुंगीसारखा सडपातळ, डोकं काळं, मधे केशरी, पंखांचा भाग निळसर-हिरवा चमकणारा आणि शेपटीचं टोक परत काळं. तो पण चावत नाही. आपण झोपेत मानेवर त्याला चिरडतो, त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं विष त्वचेवर पसरतं आणि दुसऱ्या दिवशी चाबकाचा वळ उठल्यासारखी लाल रेघ, आग, मग फोड. माझ्या भावाला एकदा मानेपासून कानापर्यंत असा वळ आला होता, सगळे म्हणत होते नागीण झालीय. म्हणून लाल-काळं काही अंगावर बसलं तर थापड मारायची नाही, फुंकर घाला नाहीतर कागदाने उडवा, आणि चुकून चिरडलंच तर लगेच साबण-पाण्याने धुवा, तोच हात डोळ्याला लावू नका. हे त्या मेसेजमध्ये असायला हवं होतं, तर त्यांनी भलत्याच किड्याला फाशी दिली.

आता "एक दिसला म्हणजे भिंतीत शेकडो". हे वाक्य अमेरिका-युरोपातलं आहे, तिथे खरंही आहे. तिकडे हार्मोनिया नावाची एक जात आहे, मूळची पूर्व आशियातली, पिकांवरचा मावा खाऊन टाकेल म्हणून अमेरिका-युरोपातल्या लोकांनी मुद्दाम नेलेली. थंडी पडायला लागली की ती शेकड्याने घरांच्या फटीत शिरते आणि हिवाळाभर तिथे झोपून राहते, थंड देशात दुसरं करणार काय. आपल्या गोव्यात कसला बर्फ पडतो? जानेवारीत पहाटे पंखा बंद करतो तेवढीच आपली थंडी. इथल्या लेडीबगला हिवाळा काढायला तुमच्या भिंतीची गरज नाही, उलट आपल्याकडे त्याच दिवसांत मळ्यात त्याचं खाणं असतं. इथे तो घरात येतो मुख्यतः दोन कारणांनी: रात्री दिवा दिसला म्हणून, किंवा खिडकीतल्या कुंडीवर मावा नाहीतर पिठ्या ढेकूण (पांढऱ्या कापसासारखी दिसणारी कीड) पडलाय म्हणून. चवथीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीसाठी रानातून आणलेल्या फळापानांबरोबर पण एखादा येतो, आमच्याकडे आलाय.

घरात अंडी, कपडे, लाकूड: नाही, नाही आणि नाही. तो अंडी घालतो पानाच्या खाली, पिवळ्या बारीक अंड्यांचा उभा झुपका, आणि तोही जिथे मावा आहे तिथेच, कारण पिल्लं बाहेर आली की त्यांना लगेच खायला लागतं. घरात त्यांना खायला-प्यायला काही नाही, दार बंद राहिलं तर बिचारा दोन-चार दिवसांत सुकून मरतो. तांदळाच्या डब्यात निघतात ते सोंडे, ते वेगळे. कपड्यांना भोकं पाडणारे पण वेगळे.

कुत्र्याचा फोटो खरा आहे, २०१६ सालचा अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातला, आणि त्यातले किडे म्हणजे वर सांगितलेली तीच हार्मोनिया, थव्याने गोळा झालेली, कुत्र्याने खाल्ली आणि टाळूला चिकटली. आपल्या ओसरीवर एक-दोन फिरतात त्यावरून कुत्र्याला घेऊन धावायची गरज नाही.

आता येते त्या "केमिकलशिवाय" उपायांकडे, कारण मला खरी भीती त्यांची आहे, किड्याची नाही.

डांबराची गोळी घरगुती कधीपासून झाली? ती नॅफ्थलीन आहे, दगडी कोळशाच्या डांबरापासून निघालेलं रसायन, आणि ती बारीक होत जाते म्हणजे हवेत उडून आपल्या नाकात जाते. ज्या बाळांना जन्मतः जी-सिक्स-पी-डी हे एन्झाइम कमी असतं त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी ह्या वाफेनेसुद्धा फुटू शकतात, कावीळ होते, आणि आपल्याकडे हा दोष दुर्मिळ नाही, बहुतेक घरांना आपल्या बाळात तो आहे की नाही हेच माहीत नसतं. पांढरी गोल गोळी, पेपरमिंटसारखी दिसणारी, कोपऱ्यात जमिनीवर ठेवायची, रांगतं मूल असलेल्या घरात! एका केशरी किड्यासाठी. माझ्या नणंदेने पाळण्याखाली ठेवल्या होत्या, मी हाताने उचलून बाहेर नेल्या.

ब्लीच आणि विनेगर एकत्र केलं की क्लोरीन वायू सुटतो. ह्यात मतभेदाला जागाच नाही, शाळेतली केमिस्ट्री आहे. बंद बाथरूममध्ये कोणी हे केलं तर श्वास कोंडेल, डोळे जळतील, दम्याच्या माणसाला हॉस्पिटल गाठावं लागेल. ज्या कोणी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी निदान ही एक ओळ तरी खोडा, हात जोडून सांगते.

पांढरी पावडर म्हणजे मेसेजात डायटोमेशस अर्थ लिहिलंय. ती म्हणजे सूक्ष्म शैवालाच्या कवचांचा भुगा, किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडून त्याला सुकवते. पण ती कोरडी असेपर्यंतच काम करते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे मीठ डब्यात पाझरतं, चपलांना बुरशी येते, तिथे ही पावडर कोरडी कशी राहणार? आणि कोरडी असली तर पंख्याने उडून आपल्याच फुप्फुसात. काही जण त्याऐवजी मुंग्यांचा खडू ओढतात, त्यात तर सरळ पायरेथ्रॉइड असतं, म्हणजे कीटकनाशकच.

आणि "झाडांवरचे पण चिरडा". ह्याने मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. एक लेडीबग दिवसाला पन्नासेक मावा खाऊ शकतो. १८८८ च्या शेवटी ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात एक छोटा लाल-काळा लेडीबग नेला, संत्र्या-लिंबाच्या बागा खवले किडीने संपत आल्या होत्या, त्या त्याने वाचवल्या. १८९८ साली ऑस्ट्रेलियातूनच क्रिप्टोलेमस नावाचा दुसरा आपल्या देशात आणला, तो पिठ्या ढेकणावर आजही सोडतात. पण लोक मारतात ते मुख्यतः त्यांची पिल्लं, कारण ती ओळखूच येत नाहीत. साध्या लेडीबगचं पिल्लू काळपट, काटेरी, इवल्याशा मगरीसारखं, अंगावर केशरी नाहीतर पिवळे ठिपके. क्रिप्टोलेमसचं पिल्लू तर अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या घेऊन फिरतं, हुबेहूब पिठ्या ढेकणासारखं, फक्त मोठं आणि चपळ. परवाच शेजारच्या वहिनींनी जास्वंदीच्या फांदीचा फोटो पाठवला, "हे बघ गं, केवढे मोठे झालेत, आता फवारते". मी पळत गेले. पांढऱ्या कापसाच्या गठ्ठ्यात तीन लांबट झिरमिळ्यांचे होते, मी काडीने हलकं ढकललं तर तुरुतुरु चालायला लागले. पिठ्या असा पळत नाही. वहिनींनी स्प्रेची बाटली खाली ठेवली.

एक अपवाद मान्य करते. वांग्याच्या पानांची चाळणी करणारा पण एक लेडीबगच आहे, अठ्ठावीस ठिपक्यांचा, आमच्या गोव्यातल्या आगशी गावच्या वांगीवाल्यांना विचारा. तो मळकट तपकिरी-केशरी, अंगावर बारीक लव असलेला, चमकत नाही, त्याची पिल्लं पिवळी, काटेरी. तो शाकाहारी आहे, वांगी, कारली खातो, त्याला आणि त्याच्या अंड्यांच्या झुपक्यांना हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. ठिपके मोजून वय कळतं म्हणतात ते मात्र खोटं, ठिपके जातीप्रमाणे असतात.

मग घरात आला तर करायचं काय? वर ग्लास पालथा घालायचा, खालून जाड कागद सरकवायचा, बाहेर कुठल्याही मावा असलेल्या झाडावर सोडायचा. माझी आठ वर्षांची लेक करते, काल केलं तेव्हा कागदावर पिवळा थेंब उमटला तो तिने वासाने ओळखला. जास्त असतील तर व्हॅक्यूमच्या नळीच्या आत जुना पायमोजा रबराने बांधा, तोंड बाहेर दुमडून, म्हणजे ते मोज्यात अडकतात आणि जिवंत बाहेर काढता येतात. झाडूने चिरडू नका, डाग जात नाहीत. संध्याकाळी साडेसहा-सातला दिवे लावायच्या आधी जाळीचं दार ओढा. बाहेरच्या बाल्कांवातला (दारापुढच्या ओसरीतला) पांढराफेक बल्ब काढून पिवळसर लावा, किडे खूपच कमी येतात, पीडरससुद्धा. कौलारू घर असेल तर भिंत आणि वाशांमधल्या फटी पावसाआधी बुजवा, फ्लॅट असेल तर एसीच्या पाइपचं भोक बघा, तिथूनच शिरतात.

आणि खिडकीतली कुंडी बघा, शेंडे उलटे करून. मावा असेल तर पाइपच्या जोरदार पाण्याने धुवून काढा, सलग तीन-चार दिवस. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा, मुंग्या माव्याच्या गोड चिकट रसासाठी त्याची राखण करतात आणि लेडीबगला हाकलून लावतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत वीट ठेवून तिच्यावर ठेवली की मुंगी चढत नाही. ताटलीतलं पाणी मात्र दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील.